हरताळाखालचं अक्षर

मे महिन्याच्या सुटीत आम्ही दुर्गहून नागपूरला निघायचो तेव्हा आईच्या हातात दुबराज तांदळाची पिशवी असायची, आणि परत येताना माझ्या हातात पुस्तकांची. माई आत्याचं घर महालात होतं, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या माळ्यावर दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्यांचा एक लाकडी पेटारा होता. ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’. पानं पिवळी, कडा कातरलेल्या, आणि आत भुयारं, गुप्त दरवाजे, विषाचे पेले, वेष पालटून फिरणारी माणसं. गोविंद नारायण दातार रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची कथानकं घ्यायचे आणि ती आपल्या गडांत, देवळांत, राजवाड्यांत अशी बसवायचे की मूळ कुठलं याचा पत्ता लागू नये. मला तर तेव्हा रेनॉल्ड्स हे नावच माहीत नव्हतं. मी पेटाऱ्याला टेकून वाचत बसायची आणि खालून जेवायला चार हाका आल्या तरी उठायची नाही.

दादाला बाबूराव अर्नाळकर हवे असत. झुंजार, काळा पहाड, मोटारी, पिस्तुलं. मीही ती वाचली, पण माझं मन लागायचं ते जुन्या काळातल्या खुनांत. का, ते पुष्कळ उशिरा कळलं. जुन्या काळात बोटांचे ठसे नाहीत, शवविच्छेदन नाही, फोटो नाही. शोध घेणाऱ्याकडे असतं काय? डोळे, नाक, झाडपाल्याची ओळख, अक्षराची पारख आणि लोक काय बोलतात, काय गाळतात हे ऐकणारा कान. लग्नानंतर भिलाईच्या सेक्टरात राहायला आले, यजमान रेल मिलमध्ये आणि मी शाळेत इतिहास शिकवायला, तोही हिंदीतून. त्या वर्षांत एका सहकारी बाईंनी मला ब्रदर कॅडफेल वाचायला दिला. एलिस पीटर्स या नावानं लिहिणाऱ्या एडिथ पार्जिटर यांचा हा बाराव्या शतकातला मठवासी, श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा. पहिली कादंबरी १९७७ ची. मग उंबेर्तो एकोची १३२७ सालातली मठाची गोष्ट वाचली (शेवट सांगणार नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचावी). मग व्हान गुलिक हा डच राजनैतिक अधिकारी भेटला. त्यानं चीनच्या तांग काळातल्या ती रन-च्ये या खऱ्या न्यायाधीशावरची जुनी चिनी कादंबरी इंग्रजीत आणली आणि पुढे त्याच न्यायाधीशाच्या नव्या गोष्टी स्वतः लिहिल्या.

हे सगळं मी आत्याला उत्साहानं सांगत होते, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “इतक्या लांब कशाला जातेस गं? ज्या भोसल्यांनी तुझं दुर्ग घेतलं, त्यांच्याच घरातले खून मोज की. आणि ते खरे.”

मी मोजायला बसले. तेव्हापासून तीस वर्षं मोजते आहे.

दुर्ग म्हणजे किल्ला हे इथल्या पोरासोरालाही ठाऊक असतं, पण किल्ला कुठे विचारलं तर लोक गप्प होतात. तो मातीचा होता. रतनपूरच्या कलचुरी राजांच्या छत्तीस गडांपैकी शिवनाथच्या दक्षिणेकडच्या अठरांत दुर्ग मोडायचं. राजीमच्या ११४५ सालच्या शिलालेखात जगपाल नावाच्या सरदाराचा पराक्रम कोरलेला आहे. त्यानं वसवलेलं जगपालपूर म्हणजेच आपलं दुर्ग, असं काही अभ्यासक मानतात. इथली लोककथाही गाव वसवणाऱ्याचं नाव जगपालच सांगते. पण माझी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर सहाशे वर्षांनी, १७४१ च्या सुमारास. रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन इकडे उतरले आणि छत्तीसगड घेताना दुर्गचा त्यांनी तळासारखा उपयोग केला. रतनपूरचा म्हातारा राजा रघुनाथसिंह मुलाच्या मृत्यूनं खचलेला होता, लढलाच नाही. तोफांनी राजवाड्याचा एक भाग ढासळला तेव्हा राणीनं तटावर पांढरं निशाण चढवलं म्हणतात. भास्करराम पुढे बंगालवर गेले.

बंगालातले पुढचे प्रसंग मराठी माणसानं डोळे उघडे ठेवून वाचावेत. आपण ज्यांना बारगीर म्हणतो ते तिथले ‘बोर्गी’. आजही बंगाली आया बाळाला झोपवताना त्यांचं नाव घेतात, आणि ते कौतुकानं नाही. गंगाराम नावाच्या कवीनं त्या काळातच ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. त्यात लुटलेली गावं आहेत, नाक-कान कापलेली माणसं आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. ते वाचून मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. शाळेत मी ‘मराठों का विस्तार’ हा धडा शिकवायची तेव्हा नकाशावर बाण काढायची, नागपूरहून दुर्ग, दुर्गहून रतनपूर, रतनपूरहून बंगाल. त्या बाणाखाली माणसं होती हे मी मुलांना आधीच सांगायला हवं होतं. नंतर सांगू लागले.

आणि याच पुराणाच्या शेवटी भास्कररामांचा खून आहे. ३१ मार्च १७४४. मुर्शिदाबादच्या दक्षिणेला मानकरा इथे. नवाब अलिवर्दी खानाला मैदानात त्यांचा बंदोबस्त होईना, म्हणून त्यानं तहाची बोलणी लावली. मध्यस्थ दोन, मुस्तफाखान आणि जानकीराम. एकानं कुराणावर हात ठेवला, दुसऱ्यानं गंगाजळ नि तुळस हातात घेतली. कुराण म्हणून दाखवलं ते कापडात गुंडाळलेली वीट होती, असंही सांगतात. मला या विटेवर भरवसा ठेववत नाही. विश्वासघाताच्या गोष्टीत अशी वीट नेहमी सापडते आणि ती नेहमी नंतर सापडते. पण शामियाना होता, त्यात कनातींच्या आड माणसं लपवलेली होती, आणि भास्करराम वीस-बावीस सरदारांसह आत गेले, हे पक्कं. गुलाम हुसेन या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की नवाबानं पुन्हा पुन्हा विचारलं, यांतला भास्करराम कोणता? खात्री पटली तेव्हाच इशारा दिला. त्या एका तपशिलापाशी मी दर वेळी थांबते. ज्याची माणसं दोन वर्षं आपला मुलूख जाळत होती, त्याचा चेहराही नवाबाला ठाऊक नव्हता. सरदारांपैकी रघूजी गायकवाड तेवढा वाचला, कारण तो छावणीतच थांबला होता. तोच उरलेली फौज घेऊन परतला.

इथे खुनी कोण हा प्रश्नच नाही. सगळं उजेडात आहे. प्रश्न एवढाच, की इतकी वर्षं फौजा हाकलेला माणूस इतक्या लोकांनिशी त्या शामियान्यात का शिरला? प्रतापगडाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मुलखातला माणूस! चौथाईचा आकडा ठरत आला असेल, पैशाची निकड असेल, शपथेवर खरोखर विश्वास असेल. माझ्या वहीत या तिन्ही कारणांपुढे जागा कोरीच आहे.

दुसरा खून पुण्याचा, शनिवारवाड्यातला. तो आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कोणी नीट वाचत नाही. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे. गारदी आत घुसले, सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद यूसुफ. त्यांच्यासोबत घरातलाच तुळाजी पवार. आणि मग ती प्रसिद्ध चिठ्ठी. चुलते रघुनाथरावांनी लिहिलं ‘धरावे’, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं ‘मारावे’. ध चा मा.

याचा दुर्गशी काय संबंध, असं वाटेल. आहे. त्या वेळी छत्तीसगडावर रतनपूरहून बिंबाजी भोसले राज्य करत होते, आणि त्यांच्याच घरात भांडण पेटलं होतं. थोरले भाऊ जानोजी १७७२ साली वारले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा भाऊ मुधोजींचा, पण गादीवर हक्क सांगत होते दुसरे भाऊ साबाजी. नारायणरावांनी साबाजींची बाजू घेतली. मुधोजींचे पुण्यातले वकील व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी गुप्ते या कटात होते. नारायणराव गेले की साबाजींचा आधार गेला. रहस्यकथेचा साधा वाचकही पहिला प्रश्न विचारतो, फायदा कोणाचा? मराठी माणसाला मात्र अडीचशे वर्षं एक बाई पुरली.

आता त्या चिठ्ठीकडे येते. नोकरीतून मोकळी झाले तेव्हा मी नागपूरला दहा दिवसांच्या मोडी वर्गाला गेले. बोरू कापायला शिकले. बोरूची टाच तिरपी कापावी लागते आणि मधोमध बारीक चीर द्यावी लागते, नाहीतर शाई उतरत नाही. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतात, मग तिला अक्षरं लटकवत जातात, होता होईतो हात न उचलता. शब्द संपला म्हणून जागा सोडायची पद्धत नाही. घरी आल्यावर हातकागद आणला, शंखानं घोटला आणि लिहिलं: धरावे. मग त्याचं मारावे करायला बसले.

होईना. ‘ध’ च्या जागी ‘मा’ आणायचा तर अक्षर बदलायचंच, वर एक काना घालायचा. त्या कान्याला जागा कुठली? पुढचा ‘र’ खेटून बसलेला. ब्लेडनं खरवडून पाहिलं. खरवडलं की कागदाची घोटाई जाते, तिथे शाई धरत नाही, फुटते, कडांना केसासारखे धागे सुटतात. दहा पावलांवरून कळावं की इथे हात फिरलाय. मग आठवलं, आत्याच्या देवघरात ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी होती, तिच्यात मधेमधे पिवळे चट्टे होते. लहानपणी मला ते हळदीचे वाटायचे. ते हरताळाचे. लिहिताना चूक झाली की जुने लेखक हरताळाची पूड डिंकात कालवून तेवढ्यावर फासायचे आणि वाळल्यावर वर शुद्ध अक्षर काढायचे. हरताळ फासणे म्हणतो आपण, ते हेच. पिवळ्याखालचं काळं अक्षर उन्हात धरलं की पुसटसं दिसायचं. दुरुस्ती लपवायची नसायचीच. ही दुरुस्ती आहे असं तो पिवळा रंगच सांगायचा.

चौदा कागद वाया घालवले आणि पंधराव्याला मला वेगळंच सुचलं. तो हुकूम गारद्यांनी डोळ्यांनी वाचला होता का? सुमेरसिंगासारखे उत्तरेकडचे शिपाईगडी, त्यांना पुण्याच्या दफ्तरातलं मोडी येत असेल? कोणीतरी वाचून दाखवलं असणार. आणि वाचून दाखवणाऱ्यानं ‘धरावे’ असलेलं ‘मारावे’ म्हणून ऐकवलं, तर कागदाला बोट लावायची गरजच काय? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ध चा मा करण्यासाठी खरवडायला बसण्यापेक्षा तो पुष्कळ सोपा आहे, आणि कॅडफेलनंही आधी हेच विचारलं असतं की निरोप घेऊन कोण गेलं. आनंदीबाईंच्या हाताचा समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. आमच्या मंडळात मी हे बोलले तर एक आजी उठून म्हणाल्या, “बाई, मी सत्तर वर्षं तिला शिव्या घातल्या, आता काय करू?” त्या रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांचा हात धरून बसले.

त्या वाड्यात खरा शोध घेतला तो पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांच्या चौकशीत पन्नासेक माणसं दोषी निघाली. ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते, मुसलमान होते, एक दासीही होती. त्यांनी रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले. न्यायाधीश ती रन-च्येच्या गोष्टी मला आवडतात, पण त्याच्यापाठी बादशहाची सत्ता होती. रामशास्त्र्यांसमोरचा आरोपी हाच धनी. जगातल्या कुठल्याही मध्ययुगीन रहस्यकथेच्या शेजारी ही चौकशी ठेवावी, आणि आपल्या लेखकांनी ती नाटकापुरती वापरून सोडून द्यावी याचं मला वाईट वाटतं. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ ची. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ आपण ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो आहोत. त्यांत लढाया किती आणि चौकशा किती, मोजा.

मुधोजी आणि साबाजींचं भांडण १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला मिटलं. साबाजींचा हत्ती मुधोजींच्या हत्तीला येऊन भिडला. साबाजी शरण या म्हणत होते. मुधोजींनी पिस्तूल झाडलं. भाऊ भावाच्या गोळीनं गेला, सगळ्या फौजेदेखत. यात रहस्य नाही, म्हणून पुढे जाते.

शेवटचा खून आत्याच्या घराशेजारचा. १८१६ च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी वारले. गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी, शरीरानं अधू आणि मनानं दुबळे. कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेबांकडे गेला. सावत्र आई बाकाबाईंनी धर्माजी भोसल्यांना पुढे करून पाहिलं. धर्माजींना आप्पासाहेबांनी पकडलं, आणि कैदेत त्यांचा जीव गेला. मे महिन्यात आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या वर्षी जानेवारीत ते चांद्याला गेले. आणि १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले.

आप्पासाहेब चांद्याला होते, शहरात नव्हतेच. रहस्यकथा वाचणाऱ्याचे कान इथे टवकारतात. माणूस नको तितका नेमका वेळ साधून बाहेर असतो तेव्हा त्याच्या अनुपस्थितीचीच चौकशी करावी लागते. कुजबूज तेव्हाही होती. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या कानावरही आली. पण खात्रीचा पुरावा मिळाला नाही असं ठरलं, आणि आप्पासाहेब राजे झाले. इंग्रजांचे मित्र राजे.

मग नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. मित्र शत्रू झाला. आणि लढाईनंतर पुरावा मिळाला! परसोजींचा गळा दाबून खून झाला होता आणि तो आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून, असं निष्पन्न झालं. मार्च १८१८ मध्ये त्यांना धरलं, अलाहाबादला नेत असताना मे महिन्यात ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांकडे, मग असीरगड, मग पंजाबकडे, आणि शेवटी जोधपूरला आसरा. तिथेच १८४० साली वारले. दातारशास्त्र्यांनी हे लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, काय पण कल्पना!

मला वाटतं, खून त्यांनीच करवला असावा. फायदा त्यांचा, वेळ त्यांची, धर्माजींचं उदाहरण ताजं. पण पुरावा कधी मिळतो हीसुद्धा एक साक्ष असते. फेब्रुवारीत नव्हता आणि वर्षभरात गवसला, तर मधल्या काळात तो कुठे होता? ज्या सेवकांनी नंतर जबानी दिली ते आधी त्याच वाड्यात पाणी भरत होते. त्यांना कोणी विचारलं नाही, की विचारून उत्तर बाजूला ठेवलं? या निकालानं दुर्गचंही नशीब बदललं. नवा राजा लहान, म्हणून १८१८ पासून छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकारी पाहू लागले आणि राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्यच खालसा झालं. यादव माधव काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ मी याच पानांसाठी इतक्यांदा उघडलाय की तो आता आपोआप तिथेच उघडतो.

आत्या गेली त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या भेटीत मी तिला वही दाखवली. प्रत्येक खुनाला एक पान, त्यावर चार रकाने: कोणी केला, कोणाला माहीत होतं, कोणी लिहिलं, कधी लिहिलं. तिनं चष्मा पुसून सगळी पानं पाहिली आणि परसोजींच्या पानावर बोट ठेवलं. “कोणाला माहीत होतं” या रकान्यात मी सेवक, पहारेकरी, आप्पासाहेबांचा माणूस मानभट, बाकाबाई अशी नावं लिहिली होती.

“काशीबाई कुठेय?” तिनं विचारलं.

काशीबाई परसोजींच्या राणी. त्या वाड्यात होत्या. त्या रात्री दार कोणी उघडलं, दिवा कोणी विझवला, खोलीतून काय आवाज आला, हे सांगू शकणारं जवळचं माणूस कोणी असेल तर त्याच. त्यांची जबानी कुठल्याच कागदात नाही, कारण त्या सती गेल्या. नवऱ्याच्या चितेवर. फेब्रुवारीत पुरावा मिळाला नाही, असं मी इतकी वर्षं वाचत होते.

मी आत्याच्या समोरच रकान्यात ते नाव लिहिलं. पुढचे दोन रकाने, कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं, अजून मोकळे आहेत.